धाकट्याच्या चेनमधला गाळ

थोरल्याला काम करताना बोलायला आवडत नसे आणि धाकट्याला गप्प बसणं जमत नसे. म्हणून बापाने डोळे मिटण्यापूर्वीच दुकानाची वाटणी करून ठेवली होती. पुढचा गल्ला, गिऱ्हाईक, पावत्या आणि कागदपत्रं धाकट्याकडे. मागची खोली, सायकलचा स्टँड, रॉकेलचे तीन डबे आणि तेलाची कुपी थोरल्याकडे. सव्वीस वर्षांत ही वाटणी कुणी मोडली नाही. लोक धाकट्याला शेठ म्हणत आणि थोरल्याला मिस्त्री. एखादा नवखा माणूस थोरल्याला नोकरच समजे. अशा वेळी थोरला मान खाली घालून म्हणे, "शेठना विचारून सांगतो," आणि गल्ल्यावर बसलेला धाकटा हसू दाबताना लाल होई.

पंक्चर काढणारे, ब्रेक आवळणारे आसपास पुष्कळ होते. चेन धुवायला मात्र लोक लांबून इथे येत. चेन धुवायची म्हणजे आधी उतरवायची, हा थोरल्याचा नियम. सायकलवरच वरून तेल सोडणाऱ्यांना तो 'पारोशा अंगाला अत्तर लावणारे' म्हणत असे. चेनची टोकं जोडणारं लॉक काढून ती पहिल्या डब्यात बुडवायची, खळखळून हलवायची, जुन्या दातब्रशने एकेक कडी घासायची. मग दुसरा डबा, मग तिसरा. तिसऱ्या डब्यातलं रॉकेल चेन काढल्यावरही नितळ राहिलं पाहिजे. नंतर फडक्याने पुसून खिळ्याला टांगायची, आतलं रॉकेल उडून जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही. परत चढवल्यावर प्रत्येक कडीतल्या रोलरला तेलाचा एक थेंब, पॅडल उलटं फिरवत, न चुकता. आणि शेवटी बाहेरचं तेल फडक्याने टिपून घ्यायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलेलं तेल रस्त्यावरच्या धुळीला बोलावणं धाडतं.

"मिस्त्री, चेन धुताय की लेकराला न्हाऊ घालताय?" असं कुणी विचारलं तर थोरला म्हणे, "लेकरू रडतं तरी. ही मुकाट झिजते."

त्या मंगळवारी सकाळी धाकटा घाऊक बाजारात ट्यूब आणायला बसने निघाला. जाताना स्वतःची सायकल त्याने मागच्या खोलीत लोटली.

"दादा, आज जमलं तर हिच्याकडे बघ. फार कुरकुरतेय."

"महिन्यापूर्वीच धुतली होती."

"मग तूच बिघडवली असशील," धाकटा म्हणाला आणि दारातून गेला सुद्धा.

गेला दीड महिना धाकटा रोज दुपारी दोन तास दुकानात नसे. दाढेचं काम निघालं होतं. डॉक्टर एक दाढ उघडी करून ठेवतो, मग दुसरीत खोट काढतो, असं तो सांगे. ते काम मारुतीच्या शेपटासारखं लांबतच चाललं होतं. त्या दोन तासांत गिऱ्हाईक आलं तर थोरला आतूनच "चारनंतर या" म्हणून ओरडे. भावाला चावायला त्रास होऊ नये म्हणून घरून येणारी भाकरीही त्याने मऊ करून आणायला सांगितली होती.

त्याने लॉक काढलं, चेन पहिल्या डब्यात सोडली आणि हलवली. आवाज नेहमीचा आला नाही. नेहमी चेन डब्यात सळसळते. ही काठीसारखी ठोकत होती. त्याने ती वर काढून बोटांत वाकवून पाहिली. पंधरा-वीस कड्या वाकतच नव्हत्या. रोलर आणि पट्टी यांच्या फटीत काहीतरी पांढरट-करडं घट्ट बसलं होतं. त्याने ब्रश मारला, काही सुटलं नाही. दाभणाने टोचलं तेव्हा त्याची खपली निघाली. रॉकेलमध्ये ती विरघळली नाही, तशीच तळाला गेली.

चेनमधल्या घाणीवरून सायकल कुठे फिरते हे थोरला सांगू शकत असे. वीटभट्टीवरच्यांची लाल, पिठाच्या गिरणीतल्याची चिकट आणि फुगलेली, डांबरी रस्त्याची काळी. दाताच्या डॉक्टरचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि तिथवर डांबरच होतं.

ही करडी खपली त्याने आदल्याच दिवशी पाहिली होती. फरशा घासून चकचकीत करणारं एक गिऱ्हाईक होतं, त्याला सगळे फरशीवाला म्हणत. घासण्याच्या यंत्रातून उडणारा दगडाचा ओला गाळ चेनमध्ये वाळला की सिमेंट होतो, हे त्याच्या सायकलमुळे थोरल्याला ठाऊक झालं होतं. त्याची चेन धुतलेलं रॉकेल एका जुन्या डब्यात अजून कोपऱ्यातच होतं, गाळ खाली बसायला ठेवलेलं. थोरल्याने दोन्ही डब्यांच्या तळातला गाळ बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला. दोन्ही सारखेच. दोन्हींत हिरवट कण होते.

त्याने दुसरं काही मनात आणलं नाही. धाकट्याने सायकल कुणाला तरी उसनी दिली असेल, एवढंच त्याला वाटलं. तो दाभण घेऊन बसला आणि एकेक रोलर मोकळा करू लागला. एकशे बारा कड्या होत्या. सत्तराव्या कडीला फरशीवाला सायकल न्यायला आला.

"मिस्त्री, झाली का आमची राणी?"

"झाली. सध्या काम कुठे आहे तुझं?"

फरशीवाल्याने त्याच्याकडे थट्टेने पाहिलं. "मला विचारताय? चौकातल्या नव्या इमारतीत. तुमच्याच दुकानात की."

थोरल्याच्या हातातलं दाभण तसंच राहिलं.

"हिरवा दगड निवडला शेठनी, पण बरं का, झकास उठलाय. परवा संपवतो," फरशीवाला म्हणाला. मग त्याचं लक्ष स्टँडवरच्या सायकलकडे गेलं. "ही शेठचीच ना? रोज दुपारी येतात आणि ऐन मशीनच्या शेजारी उभी करतात. म्हटलं, शेठ, शिंतोडे उडतात. तर म्हणतात, उडू देत, घरी धुणारा बसलाय."

"असं म्हणाला?"

"हसत म्हणाले हो. मिस्त्री, उद्घाटनाला आम्हाला विसरू नका."

तो गेला. थोरल्याने राहिलेल्या बेचाळीस कड्या मोकळ्या केल्या. काम अर्ध्यात सोडायची त्याला सवय नव्हती, आणि ते संपलं की उठावं लागणार होतं. चेन तिन्ही डब्यांतून काढून, पुसून त्याने खिळ्याला टांगली, दुकानाला कुलूप लावलं आणि चालत चौकात गेला.

नवं दुकान शोधावं लागलं नाही. काचेची मोठी भिंत होती, तिला आतून कागद चिकटवले होते. दार उघडं होतं. आत ओला हिरवा दगड चमकत होता. एक गवंडी मागच्या खोलीत ओट्याला घोटाई करत होता.

"कोण हवंय?"

"सहज. बघायला आलो."

"बघा. सायकलचं दुकान होतंय."

मागच्या खोलीत भिंतीलगत तीन चौकोनी टाक्या बांधल्या होत्या, एकीशेजारी एक. प्रत्येकीला तळाशी तोटी, म्हणजे गाळ खाली बसला की वरचं नितळ रॉकेल तसंच ठेवून गाळ तेवढा काढता येईल. ही युक्ती थोरल्यानेच एकदा जेवताना सांगितली होती. धाकट्याने तेव्हा ऐकल्यासारखं दाखवलं नव्हतं. टाक्यांच्या वर दर वीतभर अंतरावर खिळे होते. खिडकी उजव्या हाताला होती.

"ओटा बुटका केलाय," थोरला म्हणाला.

"मापानेच केलाय. मालकांच्या भावाचा उजवा गुडघा दुखतो म्हणे, उभं राहवत नाही. मालक स्वतः स्टूल घेऊन आले होते, त्यावर बसून हात कुठवर पोचतो ते दाखवलं." गवंड्याने थापी धुतली. "मोठा जीव आहे त्यांचा भावावर."

थोरल्याने ओट्याच्या काठावरून हात फिरवला. सिमेंट अजून ओलं होतं, त्यावर बोटांचे वळ उमटले. गवंड्याने कपाळाला आठी घातली आणि ते पुन्हा घोटून टाकले.

परत येताना त्याला एकच हिशेब सुटत नव्हता. नवं दुकान झालं तर जुन्याचं काय? जुनं दुकान भाड्याचं होतं. बापाच्या पाठी भाडेपट्टा दोघा भावांच्या नावे झाला होता. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहत असे. वय सत्तरीच्या पुढे, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. सगळे तिला काकू म्हणत. थोरला आयुष्यात चार-पाच वेळाच तो जिना चढला असेल. वर जाणं, बोलणं, सही-शिक्का ही धाकट्याची कामं.

काकूंनी दार उघडलं आणि त्याच्या पायांकडे पाहिलं. "तेल नाही ना तळव्यांना? ये. निरोप घ्यायला आलास वाटतं. म्हटलं, हा तसाच जातो की काय."

"कसला निरोप, काकू?"

काकू मग आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. "चष्मा आहे का? नसला तर माझा घे."

जागा सोडत असल्याचं पत्र होतं. या महिन्याच्या अखेरीस दोघे भाऊ दुकान रिकामं करून देतील, असं लिहिलं होतं. खाली दोन सह्या. एक धाकट्याची, ऐसपैस. दुसरी थोरल्याची स्वतःची, आणि तिच्या शेजारी अंगठ्याएवढा तेलाचा डाग, कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत उतरलेला.

तीन आठवड्यांपूर्वीची ती सकाळ त्याला आठवली. त्याचे दोन्ही हात दुसऱ्या डब्यात होते. सह्या तो नेहमी तशाच करत असे. धाकटा पाटीवर कागद लावून पुढे धरी, थोरला एक हात फडक्यावर पुसून दोन बोटांत पेन पकडे, नजर चेनवरच. एरवी तो काही विचारत नसे. त्या दिवशी कागदावर मजकूर जास्त दिसला म्हणून त्याने विचारलं होतं, "कसला रे हा?" धाकटा म्हणाला होता, "विजेच्या मीटरचा अर्ज."

"मी त्याला विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, मिस्त्रीला ठाऊक आहे ना? तो माझ्या दुकानातून हलायचा नाही कधी. तर म्हणाला, सही बघा की काकू. डाग बघून मलाही खात्री पटली. तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाचा असणार तो?"

थोरल्याने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "जागा मी अजून कुणाला कबूल केलेली नाही. हा कागद मी फाडू शकते. पण नवा करायचा तर एकट्याच्या नावाने करीन. दोघांत मला पडायचं नाही. आणि वाचून सही करायची. मी समोर बसून वाचून घेईन."

"संध्याकाळी सांगतो."

"आता का नाही?"

"आधी त्याचं ऐकतो."

"ऐक," काकू म्हणाल्या. "बोलायला तो हुशारच आहे."

धाकटा साडेपाचला आला. खांद्यावर ट्यूबांचं बोचकं, तोंडात शीळ. थोरला मागच्या खोलीत स्टूलवर बसला होता. चेन दिवसभर टांगून कोरडी ठणठणीत झाली होती आणि आता ती तो सायकलवर चढवत होता. वर न बघताच त्याने विचारलं, "दाढ काय म्हणते?"

"आज गेलो नाही ना. उद्या."

"हिरवा दगड चांगला उठलाय."

शीळ थांबली. बोचकं जमिनीवर ठेवलं गेलं. थोरल्याने लॉक बसवलं, पक्कडीने दाबलं.

"कुणी सांगितलं?" धाकट्याने विचारलं.

"तू. धुवायला दिलीस ना सायकल."

धाकट्याने स्टँडकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो याच खोलीत वाढला होता. तो दारातच उकिडवा बसला.

"दादा, मी सांगणारच होतो. फरशी झाली की तुला नेऊन दाखवणार होतो, एकदम. तुझ्यासाठी काय काय केलंय बघितलंस का? टाक्या बघितल्यास? तोट्या?"

"बघितल्या."

"या गल्लीत आता येतं कोण? तिकडे चौक आहे, रहदारी आहे. तुझा हात आणि माझी जीभ, दोन वर्षांत बघ कुठे जातो आपण. तुझ्या गुडघ्याचा विचार करून मी ओटा..."

"गुडघ्याचा विचार केलास. गुडघ्याच्या मालकाला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"मग?"

"मग काय? नाही म्हणता यावं म्हणूनच विचारायचं असतं."

धाकट्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. थोरल्याने तेलाची कुपी घेतली. समोर कोरडी चेन होती, रॉकेलने अंगचं सगळं तेल काढून घेतलेली. ती अशीच परत दिली असती तर आठवड्याच्या आत किंचाळली असती आणि महिन्यात झिजली असती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती लखलखीत धुतलेलीच दिसली असती. कुपीचं टोक त्याने पहिल्या रोलरवर धरलं आणि तसंच थांबवलं.

"एक सांग. मीटरचा अर्ज का म्हणालास?"

धाकटा गप्प राहिला. सव्वीस वर्षांत तो असा गप्प राहिलेला थोरल्याने पाहिला नव्हता.

"बाकीचं सगळं मी समजून घेतो," थोरला म्हणाला. "दुकान काढावंसं वाटलं, काढलंस. मला सांगायची छाती झाली नाही, ठीक. पण त्या दिवशी मी विचारलं होतं. कधी नाही ते विचारलं होतं. तोंड उघडलंच होतंस, तर खरं का नाही सांगितलंस?"

"काहीतरी बोलायला हवं होतं," धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. "आणि तू वाचणार नाहीस हे मला माहीत होतं."

"हो. तुला माहीत होतं."

थोरल्याने पहिला थेंब सोडला. पॅडल उलटं फिरवलं, दुसरा सोडला. धाकटा दारात बसून पाहत राहिला. एकशे बारा थेंब पडेपर्यंत पॅडल उलटं फिरत राहिलं. मधे एकदा धाकट्याने "दादा" अशी हाक मारली, पण थोरल्याने पुढच्या रोलरवर थेंब सोडला. शेवटी थोरल्याने फडकं घेतलं, चेन मुठीत धरून पॅडल फिरवलं आणि फडक्याला डाग लागेनासा होईपर्यंत बाहेरचं तेल टिपलं. मग सायकल स्टँडवरून उतरवून भावाकडे वळवली.

"यापुढे तुझी चेन तू धू. टाक्या आहेतच."

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"नाही."

"दादा, तुझ्याशिवाय ते दुकान चालायचं नाही."

"हे तुला मीटरच्या अर्जाआधी ठाऊक होतं ना?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "आणि इथे पुढचं कोण बघणार? तुला माणसांशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. पावतीपुस्तक कुठे असतं ते तरी माहीत आहे का?"

"सांगून जा."

"दुसऱ्या खणात," धाकटा म्हणाला. सवयीने उत्तर निघून गेलं तसा तो थबकला. मग गल्ल्यातून त्याने स्वतःचा चष्मा आणि कंगवा घेतला, दुकानाची किल्ली काढून गल्ल्याच्या काचेवर ठेवली आणि सायकल हातात धरून रस्त्यावर उतरला. दहा पावलं तो चालतच गेला. मग बसला आणि निघाला. चेनचा आवाज अजिबात येत नव्हता.

थोरला वर गेला. काकूंनी जुना कागद फाडला, नवा समोर ठेवला आणि पंख्याखाली खुर्ची ओढून बसल्या. त्याने हात साबणाने दोनदा धुतले होते. दोन पानं वाचायला त्याला पाऊण तास लागला. 'पट्टेदार' या शब्दाशी तो अडला, तेव्हा काकूंनी 'ज्याच्या नावे भाडेपट्टा तो' असा अर्थ सांगितला, पण पुढचं वाक्य त्यालाच वाचायला लावलं. सही करताना त्याला दोनदा वाटलं की कुणीतरी पाटी धरून उभं असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीऐवजी पुढे बसला. खुर्ची उंच होती, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. पहिलं गिऱ्हाईक म्हणून दवाखान्यातली नर्स आली, दर दोन महिन्यांनी येणारी. तिच्या चेनला फिनेलचा वास असे आणि डावं पॅडल ती जास्त जोरात दाबते हे तिला स्वतःला माहीत नसलेलंही थोरल्याला माहीत होतं.

"आज तुम्ही इथे कसे, मिस्त्री? शेठ कुठे गेले?"

सकाळपासून त्याने याचं उत्तर मनात दोन-तीनदा जुळवून पाहिलं होतं. आता ते जिभेवर आलं आणि अडकलं. त्याने पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला.

"त्यांचं दुसरं दुकान आहे," तो म्हणाला.

"अगंबाई. आणि तुम्हाला सोडून गेले?"

त्याने पेन घेतलं. नऊ वर्षं या बाईची चेन तो धूत आला होता.

"नाव सांगा," तो म्हणाला.